सफरचंदाचा टिकाऊपणा, कॅल्शियम आणि आपला मोठ्या फळाचा सोस

पांझराकाठ (धुळे)

मंडळी, नमस्कार. आमची धुळ्यात फळांची आडत आहे. दिवाळी उलटली की किरकोळ विक्रेत्यांची एक तक्रार हमखास येते: पेटी उघडली तेव्हा माल चकचकीत होता, पंधरा दिवसांत फळांवर डाग उठले, गिऱ्हाईक म्हणतं कीड लागलेला माल दिला. आडत्याने बागाईतदाराकडे बोट दाखवायचं, बागाईतदाराने शीतगृहाकडे, शीतगृहवाल्याने ट्रकवाल्याकडे. खरं कारण यांच्यापैकी कोणी बोलत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

असं फळ हातात घेऊन नीट बघा. देठाकडची बाजू बहुतेक वेळा स्वच्छ असते. खालच्या अंगाला, जिथे वाळलेल्या फुलाचा खळगा असतो, त्याच्या भोवती दोन ते पाच मिलिमीटरचे खोलगट, गडद ठिपके दिसतात. तिथली साल चाकूने पातळ सोला. खाली तपकिरी, कोरडा, भुसभुशीत गर लागतो. अळीचा बोगदा नाही, विष्ठा नाही, बुरशीचा वास नाही. तेवढा भाग चाखला तर कडवट लागतो. याला बिटर पिट म्हणतात. हा रोगही नव्हे, कीडही नव्हे. फळात कॅल्शियम कमी पडल्याचा हा परिणाम आहे.

100 ग्रॅम सफरचंदात पोटॅशियम साधारण 100 मिलिग्रॅमच्या वर असतं आणि कॅल्शियम जेमतेम 5-6 मिलिग्रॅम. एवढ्याशा कॅल्शियमवर फळाचा सगळा टिकाऊपणा उभा असतो. पेशींच्या मधे पेक्टिन असतं आणि कॅल्शियम त्या पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतं. विटांच्या मधली चुन्याची दर्ज जे काम करते तेच. शिवाय पेशीचा पातळ पडदा शाबूत राहतो तोही कॅल्शियममुळे. ते कमी पडलं की पडदा गळका होतो, पेशी मरतात, गर तपकिरी पडतो. श्वसन वाढतं, फळ लवकर मऊ पडतं, बुरशीलाही वाट सापडते. इंग्लंडमध्ये कॉक्स जातीचं सफरचंद लांब मुदतीसाठी ठेवायचं तर 100 ग्रॅमला साधारण 5 मिलिग्रॅम कॅल्शियम ही रेघ धरतात. तिच्या खालचा माल आधी विकून मोकळे होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की सफरचंद किती टिकणार हे शीतगृहात ठरत नाही, झाडावर ठरतं. आणि आपण खान्देशात ज्या फळाला सगळ्यात जास्त भाव देतो, ते हाताच्या ओंजळीत न मावणारं मोठं फळ, तेच टिकायला सगळ्यात कच्चं असतं.

जळगाव_फ्रूट

भाऊ, तुमचं सगळं बरोबर, पण वाहतूक विसरू नका. काश्मीरमधल्या सोपोरहून निघालेला ट्रक रामबनजवळ दरड कोसळली की अडकून पडतो. तिथून आपल्याकडे पोहोचेपर्यंत सेंधवा-शिरपूरच्या घाटाखाली ऑक्टोबरचं ऊन. ताडपत्रीखाली माल उकडून निघतो. डाग त्यानेच पडतात असा आमचा अनुभव.

दुसरं म्हणजे मोठं फळ ठेवू नका म्हणणं सोपं आहे. दुकानात मध्यम माल लावला की गिऱ्हाईक म्हणतं "हलका माल आहे". पेशंटला भेटायला जाणारा माणूस चार मोठीच सफरचंदं घेतो.

पांझराकाठ (धुळे)

जळगावकर भाऊ, उन्हाने माल बिघडतो यात वाद नाही, पण तो बिघाड वेगळा. दोन्ही फळं शेजारी ठेवून कापून बघा. आपटल्याचा किंवा दबल्याचा डाग एका बाजूला, रुपयाएवढा किंवा मोठा, मऊ आणि ओलसर असतो. बिटर पिटचे ठिपके लहान, पुष्कळ, कोरडे आणि खालच्या अंगाला गोळा झालेले. उकाड्याने फळ एकूणच पिठूळ होतं, ठिपके उठत नाहीत. उन्हात अडकलेल्या ट्रकातून आलेल्या मालात एका बागेच्या पेट्या डागाळतात आणि शेजारच्या बागेच्या चांगल्या राहतात. ट्रक एक, ऊन एक, ताडपत्री एक, मग फरक कुठला? बागेचाच.

हे ठिपके तोडणीच्या वेळी बरेचदा दिसत नाहीत. साठवणुकीच्या पहिल्या महिना-दोन महिन्यांत वर येतात. म्हणून आपल्याला वाटतं की साठवणुकीने झाले.

गिऱ्हाइकाबद्दल खाली सविस्तर लिहितो, आधी इतरांना बोलू द्या.

केळीबाग_रावेर

चांगला विषय. माझा प्रश्न शेतकऱ्याचा आहे. आमच्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे नांगराला लागतात, सामू आठच्या वर. इथे कॅल्शियमची काय कमी? आणि काश्मीर-हिमाचलच्या जमिनीत तरी ते एवढं कमी आहे का, की फळाला 5 मिलिग्रॅम मिळू नये?

पांझराकाठ (धुळे)

रावेरकर दादा, फार मुद्द्याचं विचारलंत. बहुतेक बागांत जमिनीत कॅल्शियम पुरेसं असतं. अडचण पुरवठ्याची नाही, वाटपाची आहे.

कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर वर चढतं. मुळापासून वर जाणाऱ्या नळ्यांमधून पाणी जिथे जास्त ओढलं जातं तिथे ते जातं. सगळ्यात जास्त पाणी उडवतात पानं. फळावर मेणाचा थर असतो, त्यातून बाष्प फारसं जात नाही, म्हणून फळाच्या वाट्याला कमी येतं. आणि एकदा पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम परत फिरून फळात येत नाही. साखर आणि पोटॅश पानातून फळात उतरतात, कॅल्शियम उतरत नाही.

त्यातही वेळेचं गणित आहे. फूल गळाल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे फळातल्या पेशी वाढत असतात आणि पाणी आणणाऱ्या नळ्या चांगल्या चालू असतात. कॅल्शियमचा मोठा वाटा तेव्हाच येतो. पुढे फळ फुगत जातं तशा त्या नळ्या निकामी होत जातात. आत आलेलं कॅल्शियम जवळपास तेवढंच राहतं आणि फळ मात्र फुगत राहतं. म्हणजे ते विरळ होत जातं. मोठं फळ टिकायला कच्चं का, याचं उत्तर इथे आहे.

आपल्याकडचं उदाहरण टोमॅटोचं. चुनखडीच्या जमिनीतही टोमॅटोचं बूड काळं पडतं की नाही? पाण्याची पाळी लांबली, मग एकदम भरपूर पाणी दिलं, की पुढच्या घडात बुडाला काळे चट्टे. कलिंगडातही तेच. मातीत कॅल्शियम असून फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. सफरचंदातही ठिपके खालच्या अंगालाच, कारण फळाचं ते टोक देठापासून सगळ्यात लांब.

केळीबाग_रावेर

समजलं. टोमॅटोच्या उदाहरणाने लगेच डोक्यात बसलं. आम्ही केळीला पोटॅश भरमसाट देतो, घड त्यावरच भरतो. सफरचंदवाले पण देत असतील?

पांझराकाठ (धुळे)

देतात, रंगासाठी आणि आकारासाठी. तिथेच गफलत होते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मुळाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतात. नत्र जास्त झालं तर फांद्यांचे शेंडे जोरात वाढतात आणि ते नवे शेंडे कॅल्शियम ओढून घेतात. केळीला जे खत मानवतं ते सफरचंदाला तसंच मानवेल असं नाही.

पारोळेकर_रोहडू

हा धागा वाचून राहवलं नाही. मूळचा पारोळ्याचा, कामाला हिमाचलात, रोहडूच्या बाजूला प्रतवारी आणि साठवणुकीच्या केंद्रात. दादांनी लिहिलंय ते आम्ही रोज बघतो.

इकडे ज्या वर्षी झाडावर फळ कमी लागतं त्या वर्षी बागाईतदार खूश असतो, कारण राहिलेली फळं मोठी होतात आणि भाव चांगला मिळतो. साठवणूक करणाऱ्याला त्या वर्षी धडकी भरते. तरुण झाडांचा पहिला-दुसरा बहारही तसाच: फळं थोडी, आकार मोठा, ठिपके जास्त. कोवळा तोडलेला मालही ठिपक्यांना जास्त बळी पडतो. बाजार लवकर गाठायच्या घाईत इथे पुष्कळजण कोवळा माल तोडतात. उलट फार उशीर केला तर ठिपके कमी पण फळ मऊ, आतून पाणचट. म्हणून आयोडीन लावून आतला स्टार्च किती उरलाय ते बघून तोडायचं असतं.

तोडणीच्या साधारण तीन आठवडे आधी बागेतून नमुन्याची फळं आणून नुसती घरच्या तापमानात ठेवून द्यायची. ज्या बागेत ठिपके येणार त्या बागेच्या नमुन्यावर ते लवकरच दिसायला लागतात. मग तो माल लांब मुदतीला ठेवायचा नाही, सरळ बाजारात. यंत्र लागत नाही, खर्च नाही. तरी फार थोडे लोक करतात याचं वाईट वाटतं.

आणखी एक, ग्राहकांनी लक्षात ठेवण्यासारखं. फळ आडवं कापलं की मधे पाच कप्प्यांची चांदणी दिसते. प्रत्येक कप्प्यात साधारण दोन, म्हणजे सगळ्या मिळून दहापर्यंत बिया. जितक्या बिया भरलेल्या तितकं कॅल्शियम फळाकडे चांगलं ओढलं जातं. परागीभवन नीट झालं नाही तर एका बाजूच्या बिया भरत नाहीत, फळ एकीकडून चपटं, वाकडं होतं. असं वाकडं फळ ठेवायला घेऊ नका. इकडे फुलोऱ्याच्या वेळी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बागेत ठेवतात ते फळधारणेसाठी, पण त्याचा फायदा टिकाऊपणालाही होतो.

सुलभा_अमळनेर

वाचतेय, खूप माहिती मिळाली. दोन शंका आहेत. असे डाग असलेलं सफरचंद लहान मुलांना द्यावं का? आणि हे कॅल्शियम म्हणजे तेच ना, ज्याची पुडी घालून आंबे पिकवतात? ते तर विषारी म्हणतात. सफरचंदावरही बागेत कॅल्शियम फवारतात असं ऐकलंय, म्हणून भीती वाटली.

पांझराकाठ (धुळे)

सुलभाताई, बरं झालं विचारलंत, हा गोंधळ पुष्कळांचा होतो.

आंब्याच्या पेटीत पुडी टाकतात ते कॅल्शियम कार्बाइड. ओलावा लागला की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघतो. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून फळं पिकवायला ते वापरण्यावर आपल्या अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांत बंदी आहे. सफरचंदावर फवारतात ते कॅल्शियम क्लोराईड. ते साधं क्षार आहे, चीज आणि डबाबंद फळं करताना अन्नात घालायला परवानगी असलेलं. दोघांत कॅल्शियम आहे एवढंच साम्य.

डागाचं फळ मुलांना द्यायला हरकत नाही. डाग आणि त्याखालचा तपकिरी गर काढून टाका, कारण कडू लागतो म्हणून मूल पुढचं सफरचंदही नको म्हणेल. पण डागाच्या जागी मऊ, ओलं आणि निळसर-हिरवी बुरशी दिसली तर ते फळ मात्र अख्खं टाका. ती बुरशी जे विष तयार करते ते आजूबाजूच्या गरातही उतरतं.

आणि सफरचंदाने आपल्या हाडांना कॅल्शियम मिळेल अशी आशा नको. 100 ग्रॅम दुधात साधारण 120 मिलिग्रॅम असतं, सफरचंदात 6. सफरचंदातलं कॅल्शियम सफरचंदाच्याच कामाचं.

जळगाव_फ्रूट

बरं, मग व्यापाऱ्याने काय करायचं ते सांगा. माल आल्यावर आपण इथे कॅल्शियमच्या पाण्यात बुडवून काढला तर? आमच्याकडे एकाने चुन्याची निवळी वापरून बघायची म्हणून सुचवलंय.

पारोळेकर_रोहडू

कृपा करून तसं करू नका दादा. बाहेरच्या देशांत तोडणीनंतर लगेच दोन ते तीन टक्के कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणात फळं बुडवतात, हे खरं आहे. पण ते तोडल्याबरोबर, साठवणुकीच्या आधी, आणि द्रावणाची स्वच्छता सांभाळून. एकाच पाण्यात पेटीमागून पेटी बुडवत गेलं की त्यातल्या एका सडक्या फळाची बुरशी सगळ्या मालाला लागते. आपल्यापर्यंत माल येतो तेव्हा ठिपके पडायचे ते आत पडलेले असतात, फक्त वर दिसायचे बाकी असतात. आणि चुन्याच्या निवळीत कॅल्शियम विरघळतं फारच थोडं, लिटरला दीड-दोन ग्रॅम चुना. साल पांढरट होईल, बाकी काही हाती लागणार नाही.

भुसावळ_जंक्शन

सी. ए. चा माल म्हणून जो उन्हाळ्यात येतो तो मग महिनोन् महिने कसा टिकतो? त्यात कॅल्शियम जास्त असतं का?

पारोळेकर_रोहडू

त्यात कॅल्शियम जास्त नसतं, निवडून ठेवलेला माल असतो. सी. ए. म्हणजे कंट्रोल्ड अ‍ॅटमॉस्फिअर, खोलीतली हवाच बदलायची. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, खोलीत तो एक ते तीन टक्क्यांवर आणतात. कार्बन डायऑक्साईडही जातीप्रमाणे मोजून ठेवतात. तापमान शून्य ते एक अंश, आर्द्रता 90 ते 95 टक्के. फळाचा श्वास मंद होतो. दार एकदा सील केलं की आत माणूस जात नाही, गेला तर काही क्षणांत बेशुद्ध पडतो. दारावर तसा फलक असतो आणि काचेच्या झरोक्यातून टॉर्च मारून नमुन्याची क्रेट बघायची. खोली उघडायची झाली तर आधी हवा भरून ऑक्सिजन मोजतो, मगच पाय आत.

एवढं करूनही कमी कॅल्शियमचं फळ त्या खोलीने सुधारत नाही. ठिपके थोडे उशिरा येतात, एवढंच. म्हणून खोली भरायच्या आधी मी मध्यम आकाराचा, भरपूर फळ लागलेल्या झाडांचा माल मागतो. मोठा माल बाजूला काढून आधी पाठवून देतो, आणि तोच मोठा माल आपल्या खान्देशात सगळ्यात चढ्या भावाने जातो. मागणीच तशी आहे.

पांझराकाठ (धुळे)

हेच मला म्हणायचं होतं. आता गिऱ्हाइकाबद्दल.

जळगावकर भाऊ, मोठं फळ वाईट असतं असं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात ताजं आलेलं डिलिशियस जातीचं मोठं सफरचंद चार-आठ दिवसांत खाऊन संपवायचं असेल तर खुशाल घ्यावं. पण दुकानदाराने पंधरा-वीस दिवसांचा माल भरताना, किंवा घरात मोठी पेटी आणताना मध्यम आकार घ्यावा. मी आता किरकोळवाल्यांना पेटीचा वरचा थर दाखवत बसत नाही. मधल्या थरातलं एक मोठं आणि एक मध्यम फळ काढतो, त्यांच्याच हाताने आडवं कापायला लावतो, बिया मोजायला लावतो, खालच्या अंगाची साल सोलायला लावतो. एकदा स्वतः कापून बघितलं की माणूस पुढच्या वेळी आकार विचारत नाही, बाग विचारतो. भाव ठरवताना आकाराऐवजी बागेचं नाव चाललं तर तिकडचा बागाईतदारही पहिल्या सहा आठवड्यांत झाडाची काळजी घेईल. आज आपण त्याला जास्तीचं नत्र आणि पोटॅश टाकायलाच पैसे देतोय.

तुमच्या दुकानात "हलका माल" म्हणतात ते मला मान्य आहे. तिथे एक फळ कापून ताटात ठेवायचं. मध्यम फळ कापलं की करकरीत आवाज येतो, बाकी बोलायची गरज पडत नाही.

सोनगीर_नाना

भाऊ, भलतं कामनं लिखं शे तुम्ही. आम्ही खाणारे लोक, आम्हाला एवढंच सांगा, घरी ठेवायचं कसं?

पांझराकाठ (धुळे)

नाना, रामराम. फ्रीजमध्ये, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, भाजीच्या कप्प्यात. न धुता ठेवा, खाताना धुवा. केळीशेजारी तर ठेवूच नका, सफरचंदातून इथिलीन वायू निघतो आणि केळी दोन दिवसांत काळी पडते. बाहेर टोपलीत ठेवलेलं सफरचंद आपल्या उन्हात आठवडाभरात पिठूळ होतं, त्यात कॅल्शियम कितीही असो.

चाळीसगाव_बाग

उशिरा आलो. मी एचआरएमएन-99 या कमी थंडीत येणाऱ्या सफरचंदाची थोडी झाडं लावली आहेत. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेली ही जात, त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत फुलतं, जूनमध्ये फळ तयार. फळ लागतं, पण तोडल्यावर फार दिवस टिकत नाही आणि काही फळांवर तुम्ही सांगता तसेच ठिपके. कॅल्शियम क्लोराईड किती आणि कधी मारू? एका विक्रेत्याने मे महिन्यात दर आठवड्याला मारायला सांगितलंय.

पांझराकाठ (धुळे)

चाळीसगावकर दादा, मे महिन्यातली फवारणी करू नका. हे क्षार आहे, 30 अंशांच्या वर पानं करपवतं. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळीही तेवढं तापमान असतं. आणि तोपर्यंत तुमच्या फळाची कॅल्शियम घ्यायची मुख्य वेळ निघून गेलेली असते. तुमचा काळ फेब्रुवारी-मार्चचा. फूल गळाल्यावर दोन आठवड्यांनी सुरुवात, लिटरला तीन ग्रॅम, आधी एका फांदीवर मारून दोन-तीन दिवस पान बघा. करपलं नाही तर दहा-बारा दिवसांच्या अंतराने, ऊन उतरल्यावर. फळ ओलं झालं पाहिजे, कारण पानावर पडलेलं फळात जात नाही. मॅग्नेशियम सल्फेट किंवा फॉस्फेटवाल्या खतात मिसळू नका, साका होऊन नोझल तुंबतो.

फवारणीपेक्षा पाणी महत्त्वाचं. आपल्याकडची कोरडी हवा पानातून एवढं पाणी ओढते की दुपारी फळातलं पाणीसुद्धा पानाकडे खेचलं जातं. रात्री पान शांत असतं तेव्हा फळाला वाटा मिळतो. म्हणून ठिबक थोडं थोडं, रोज, शक्यतो संध्याकाळनंतर, आणि बुडाशी उसाचं पाचट किंवा गव्हाच्या काडाचं जाड आच्छादन. विरळणी फार कडक करू नका, फळ जास्त मोठं होऊ देऊ नका. नत्र हात राखून.

टिकण्याबद्दल मात्र आधीच सांगतो, कमी थंडीत येणाऱ्या उन्हाळी जाती मुळातच लवकर मऊ पडतात. तुमचं फळ तोडल्यापासून आठवडाभरात खपेल असं गिऱ्हाईक चाळीसगाव-भडगावातच धरा. शीतगृहाच्या नादी लागू नका.

चाळीसगाव_बाग

समजलं दादा. पाचट आहे, या आठवड्यात टाकून घेतो. फेब्रुवारीत फांदीवर मारून बघितलं की पानांचे फोटो इथेच टाकतो.

पारोळेकर_रोहडू

फोटोबरोबर एक फळ आडवं कापून बियांचाही टाका. तुमच्याकडे सगळी झाडं एकाच जातीची असतील तर अ‍ॅना किंवा डोरसेट गोल्डन या दुसऱ्या जातींची दोन-चार झाडं मधे लागतील, परागासाठी.